पाठमोरा

मास्तरांचं नाक काढलं तेव्हा मी चौथीत होतो,
काटापावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर.
बाबा वरुडच्या मंडीत संत्र्यांचा काटा करायचे,
घरात कागदाला तोटा नव्हता.
नाक पावतीत मावेना म्हणून
डिंकानं दुसरी पावती जोडली.
वर्ग हसला. मास्तरही हसले,
आणि मग मारलं.

तेव्हा कळलं, की इतरांना
माणूस अख्खा दिसतो.
मला आधी दिसते सावित्रामावशीची हनुवटी,
मावशी जरा वेळानं येते.
सरपंच म्हणजे पोटाआडून आलेला आवाज,
कंडक्टर म्हणजे दोन भुवया आणि चिल्लर.
कुणी रडायला लागलं की माझी नजर कानांवर जाते.
रडताना कान हलतात थोडे.
हे कुणाला सांगायचं?
पुंडलिककाकाच्या मयतीत
त्याच्या थोरल्याचे कान हलायला लागले
आणि मी तोंडात रुमाल कोंबला.
बाया म्हणाल्या, पोट्ट्याले लय लागलं वं.
लागलंच होतं.
हसू खरं होतं आणि तेही खरं होतं,
दोन्ही एकदम काढता येईल अशी रेष
अजून हाताला आलेली नाही.

माझ्या डोक्यावर दोन भोवरे.
आत्या म्हणायची, याच्या दोन बायका होतील.
एकदाच नेलं मला पोरगी बघायला, मोर्शीकडे.
आलूपोहे संपल्यावर कागदी बशीवर
मी तिच्या मामाच्या मिशा काढल्या.
ती तेवढी हसली.
नकार मामाकडून आला.
परतीच्या एसटीत आई खिडकीबाहेर बघत राहिली
आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं.
का, ते तिला सांगता आलं नाही.
मलाही अजून नीट सांगता येत नाही.

अमरावतीच्या पेपरात दर मंगळवारी माझी एक चौकट असते.
चार महिन्यांनी ती आमच्याच मंडीत परत येते,
पेटीच्या तळाशी अंथरलेली.
मंत्र्याच्या गालावर ओला पिवळा डाग,
वर अडीचशे संत्री.
ट्रक बांगलादेशाला जातात म्हणे.
तिकडे कुणी पेटी रिकामी करताना
थांबून बघत असेल का?
भाषा नसेल कळत, पोट तरी कळत असेल.

प्रत्येक चौकटीत, खाली उजवीकडे,
एक माणूस असतो पाठमोरा.
टँकरभोवती गाव लोटलंय,
सगळ्यांच्या माना पाइपाकडे,
हा चौकटीबाहेर बघतोय.
संपादक विचारतात, हा कोण?
मी म्हणतो, जागा भरायला.
एकदा त्यांनी कापून टाकला त्याला.
त्या मंगळवारी मी जेवलो नाही.
आईनं ओवा दिला.

त्याचं तोंड काढायला बसलो होतो एकदा, आरसा घेऊन.
काय मोठं करावं कळेना.
नाक बेताचं, कान बेताचे, कपाळ चारचौघांसारखं.
मग ते वेगळं काय ते
ठेवलंय कुठे?
रात्रभर रबराचा चुरा झाडत राहिलो.

शामराव लक्षणे
आधी पेपर वाचतात, मग त्यावर वस्तरा पुसतात.
परवा माझी मान खाली दाबून
कात्री थांबवली त्यांनी.
हा कोपऱ्यातला तूच होय ना रे?
कशावरून, मी छातीत हनुवटी रुतवून विचारलं.
बाकीच्याइले तोंड मालूम, मले मान.
एका डोस्क्यावर दोन भोवरे,
अन् डावा खांदा असा वर.
तीस वर्सापासून पाहून राह्यलो.
कात्री पुन्हा सुरू झाली.
मानेवर केस पडत राहिले, बारीक.
मग म्हणाले,
फिरव न लेका त्याले एखांद्या वारी इकडं,
दाढीबी करून देतो त्याची.

मी मान वर केली.
समोरच्या आरशात
माझे कान हलत होते.